पुन्हा बोलवावे का

दिगंबर रायरीकरांनी अटी आणि शर्तींची त्रेचाळीस पानं छापून आणली आणि प्रत्येक पानाच्या खाली उजव्या कोपऱ्यात सही केली. शेवटच्या पानावर सहीशेजारी तारीख टाकली, ठिकाण 'पुणे' लिहिलं. आधार कार्डाची झेरॉक्स जोडली, तिच्यावर 'मूळ प्रतीवरून खरी प्रत' असं लिहून पुन्हा सही केली. मग सगळं एका खाकी पाकिटात घालून ते कोथरूडच्या पोस्टात गेले.

खिडकीतल्या बाईंनी पत्ता दोनदा वाचला. "अमेरिका?"

"हो. त्यांनीच शेवटच्या पानावर दिलाय."

"आत काय आहे?"

"करारनामा. ब्लॉगचा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, त्याला खाली एक चौकोन असतो. त्यात टिक करायची असते."

"टिक म्हणजे सही नव्हे," दिगंबरराव म्हणाले आणि पोचपावतीचा कागद मागितला.

दुय्यम निबंधक कार्यालयात बत्तीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार? खरेदीखतं, बक्षीसपत्रं, भाडेकरार यांच्यावर न वाचता सह्या करणारी हजारो माणसं त्यांनी टेबलापलीकडून पाहिली होती. त्यातली बरीचशी पुढे रडत परत आलेलीही पाहिली होती. तेव्हा ती त्रेचाळीस पानं त्यांनी नऊ दिवसांत शब्दकोश घेऊन वाचली. कळली फारशी नाहीत, पण वाचली. अशा वेळी "अहो, पुरे आता" असं म्हणणारं माणूस घरात असावं लागतं. ते माणूस गेल्या श्रावणात गेलं.

त्या माणसाचीच वही ब्लॉगवर टाकायची होती.

वही म्हणजे लांबट, जाड पुठ्ठ्याची, लाल पाठीची. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला सुतळीने टांगलेली असे. वर हेमाताईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'घरी आलेली माणसे'. पाहुणे नव्हेत. प्लंबर, सुतार, गिझरवाला, मिक्सरवाला, शेगडीवाला, पडद्यांची मापं घेऊन परत न आलेला गृहस्थ, अशी सगळी. अठ्ठावीस वर्षांत घरात जो कुणी हत्यारं घेऊन शिरला, त्याची नोंद. एका नोंदीला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर नाव, फोन नंबर, तारीख, काम आणि काय घडलं ते. उजव्या पानावर तीन रकाने: वागणूक, चहा आणि पुन्हा बोलवावे का.

चहाच्या रकान्याची दिगंबररावांनी एकदा चेष्टा केली होती. हेमाताई म्हणाल्या होत्या, "माणूस चहा कसा घेतो त्यावरून तो स्क्रू कसा लावेल ते कळतं." त्यानंतर त्यांनी चेष्टा केली नाही, कारण सुताराने कप कपाटावरच ठेवून दिला होता आणि कपाटाचं दार आजही लागत नाही.

वहीची कीर्ती कृतार्थ सोसायटीच्या तिन्ही इमारतींत होती. माणसं बिल्डिंगच्या वॉचमनला नाही, हेमाताईंना विचारून प्लंबर बोलवत. त्या गेल्यावर तेराव्याला खालच्या मजल्यावरच्या सुनीती घैसास आल्या. निवृत्त शिक्षिका, कडक. नमस्कार केला, फोटोसमोर दोन मिनिटं उभ्या राहिल्या, डोळे पुसले आणि मग म्हणाल्या, "दिगंबरराव, आत्ता विचारू नये, पण गिझरवाल्याचं पान जरा बघता का? पाच दिवस थंड पाण्याने आंघोळ करतेय."

मग रोज कुणी ना कुणी. सकाळी दाढीला साबण लावला की बेल. "काका, शेगडीवाला." "काका, जाळीवाला." दिगंबररावांना राग माणसांचा नाही आला. राग याचा आला की दर वेळी ती वही उघडायची, तिचं अक्षर बघायचं, लोकांसमोर चेहरा सरळ ठेवायचा आणि "फोन नंबर सांगतो, लिहून घ्या" असं म्हणायचं. म्हणून त्यांनी ठरवलं की वही इंटरनेटवर टाकायची. जशीच्या तशी. काना, मात्रा, टोमणा, काहीही न बदलता. ज्याला हवं त्याने तिथे वाचावं आणि बेल वाजवू नये.

सल्ला घ्यायला ते नाना पेठेत मकबूलभाईंच्या दुकानात गेले. मकबूलभाई मिक्सर दुरुस्त करत, अलीकडे जुने कॉम्प्युटरही. वहीत त्यांची नोंद होती. 'मकबूल, मिक्सर. भांडे न बदलता पाते बदलून दिले. वागणूक: कामापुरते बोलतात. चहा: नको म्हणाले, रोजा होता, मला ठाऊक नव्हते. पुन्हा बोलवावे का: हो. आधी रोजा विचारावा.' मकबूलभाईंनी ही नोंद दिगंबररावांच्या तोंडून ऐकली तेव्हा हातातला पेचकस खाली ठेवला. मग म्हणाले, "मिसबाला विचारू. ती खराडीला हेच काम करते."

मिसबा त्यांची मुलगी, तीस वर्षांची, शनिवारची सुट्टी म्हणून दुकानात बसलेली. तिने सोपं करून सांगितलं.

"काका, दोन पद्धती आहेत. एक होस्टेड. म्हणजे एखाद्या कंपनीची जागा असते, त्यात तुम्हाला एक खोली मिळते. फुकट. लाईट, पाणी, झाडलोट सगळं त्यांचं. दुसरी सेल्फ-होस्टेड. जागा तुमची, ताबा तुमचा, आणि गळती पण तुमची."

"म्हणजे भाडेकरू आणि मालक."

"तसंच."

"भाडेकराराची मुदत किती?"

"मुदत नसते."

"अकरा महिने तरी?"

"नाही काका. ते कधीही काढू शकतात."

"नोटीस न देता?"

"मेल येतो."

दिगंबररावांनी मान हलवली. असला करार त्यांच्या टेबलावर आला असता तर त्यांनी दोन्ही पक्षांना घरी पाठवलं असतं. पण मिसबा म्हणाली, "तुम्ही नवीन आहात. सुरुवातीला हेच बरं. पाच मिनिटांत होतं."

एकोणीस दिवसांत झालं. नऊ दिवस अटी वाचण्यात गेले, एक पोस्टात आणि बाकीचे शेजाऱ्यांच्या सल्ल्यात. सुनीतीताई म्हणाल्या, फुकट असेल तर नकोच. सोसायटीचे सेक्रेटरी आमोद खळदकर जिन्यात थांबवून म्हणाले, "कशाला व्याप काका? फोटो काढून ग्रुपवर टाका." सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी शंभर फुलं उगवतात, त्यात हेमाची वही टाकायची म्हणजे रद्दीत टाकण्यासारखंच, असं दिगंबरराव म्हणाले. त्या शंभरातली चाळीस फुलं आमोदचीच असत, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

खातं उघडताना लेखकाचं नाव विचारलं. दिगंबरराव अडले. मयताच्या नावे दस्त होत नाही, हे वाक्य त्यांनी नोकरीत इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेतही म्हणाले असते. पण शब्द तिचे, तर नाव दुसरं कसं घालायचं? त्यांनी 'कै. हेमा दिगंबर रायरीकर' असं लिहिलं. यंत्राने ते मान्य केलं. एका अक्षराने विचारलं नाही की वारसनोंद कुठे आहे. त्या क्षणी त्यांचा त्या कंपनीवरचा विश्वास निम्मा उडाला.

उरलेला निम्मा दुसऱ्या दिवशी उडाला. सकाळी मेल आला, 'कै. हेमा, आज काय लिहिणार आहात?' पुढच्या आठवड्यात आला, 'कै. हेमा, आपण चार दिवस गप्प आहात. वाचक वाट पाहत आहेत.' दिगंबररावांनी तो दोनदा वाचला आणि कॉम्प्युटर बंद करून गच्चीवर फेऱ्या मारायला गेले. परत येऊन टंकायला बसले. वाट पाहत आहेत म्हटल्यावर बसणं भाग होतं.

रोज दोन नोंदी. प्रत्येकीला क्रमांक, जसा दस्ताला असतो. महिन्याभरात वाचक जमले. आधी सोसायटीतले, मग शेजारच्या सोसायटीतले, मग कात्रजहून एका बाईंचा निरोप आला की सत्त्याण्णव नंबरचा जाळीवाला आमच्याकडेही असाच वागला होता, तोही चहा बशीत ओतून घेतो का? दिगंबररावांनी वही पाहून कळवलं, 'होय. बशीतच.' सुनीतीताई भाजीवाल्याकडे भेटल्या तर म्हणाल्या, "हेमाच बोलतेय असं वाटतं हो." हे ऐकून त्यांनी अर्धा किलो वांग्यांऐवजी दोन किलो घेतली आणि आठवडाभर खाल्ली.

मग एकशे चाळीस क्रमांकाची नोंद आली. ती अशी: 'निर्जल वॉटरप्रूफिंग. गच्चीच्या खोलीचे छत. तीन दिवस काम. आधी एका जागी गळत होते, पहिल्या पावसात चार जागी गळू लागले. विचारले तर म्हणाले, पाणी वाटले गेले, म्हणजे काम झाले. वागणूक: हसतमुख. चहा: प्रत्येक वेळी नवीन माणसाला घेऊन आले. पुन्हा बोलवावे का: नाही. रस्त्यात भेटले तरी नाही.'

नोंद प्रसिद्ध झाल्यावर दिगंबररावांनी ती बघायला उघडली, तर 'चार जागी गळू लागले' आणि 'विचारले तर' यांच्या बरोबर मध्ये एक निळी जाहिरात होती. निर्जल वॉटरप्रूफिंग, विश्वासाचं छत. फोन नंबरसहित.

"जाहिराती त्यांच्या असतात काका," मिसबा फोनवर म्हणाली. "फुकट जागेचं भाडं ते असं घेतात."

"पण हिच्या वाक्याच्या मध्ये?"

"मशीनने वॉटरप्रूफिंग शब्द वाचला आणि मदत केली."

त्याच संध्याकाळी आमोद आले. निर्जलचा मालक त्यांचा सख्खा मेहुणा होता आणि सोसायटीच्या तिन्ही गच्च्यांचं काम त्याला द्यायचं आमोदच्या मनात पक्कं होतं. "काका, तेवढं एक पान काढा. बाकी वही सुंदर आहे. काकूंचा स्वभावच मिश्किल होता, पण लोक गंमत म्हणून वाचत नाहीत ना."

"गंमत म्हणून लिहिलंच नाहीये तिने. छत गळत होतं."

"एकच पान."

"वही जशीच्या तशी आहे आमोद. एक पान काढलं तर ती वही राहत नाही."

"बघा मग," आमोद म्हणाले.

दोन दिवसांनी ब्लॉग गेला. त्या जागी एक पांढरं पान आणि दोन ओळी: तक्रार आल्यामुळे हे पान आमच्या समूहाच्या निकषांत बसत नाही. दिगंबररावांनी चार वेळा गोल वळलेल्या बाणाची ती खूण दाबून पान ताजं केलं. हेमाच्या टंकलेल्या साऱ्या नोंदी, नाहीशा. मूळ वही दारामागे होती, ती जाऊन हात लावून पाहिली. तरी छातीत जे झालं ते झालं. ते एकदा होऊन गेलं होतं, पुन्हा होईल असं वाटलं नव्हतं.

दाद मागायची तर खिडकी पाहिजे, आवक-जावकचा शिक्का पाहिजे, समोर एक माणूस पाहिजे, मग तो कितीही उर्मट असो. त्या कंपनीत माणूसच नव्हता. मदत म्हणून जे होतं ते विचारायचं, 'ही माहिती उपयोगी पडली का?' दिगंबररावांनी अकरा वेळा 'नाही' दाबलं. अकराही वेळा त्याने आभार मानले.

नकाशावर कंपनीचं पुण्यातलं कार्यालय खराडीला दाखवत होतं. दिगंबररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, अर्ज तीन प्रतींत लिहिला आणि दोन बस बदलून गेले. काचेची इमारत, खाली सुरक्षारक्षक. त्याने फोटो काढून त्यांच्या छातीवर एक चिकटपट्टी लावली. तिच्यावर त्यांचा डोळे मिटलेला फोटो होता. सातव्या मजल्यावर स्वागतकक्षात शेफाली नावाची मुलगी बसलेली, अगत्याची. तिने अर्ज वाचला आणि म्हणाली, "सर, ती कंपनी इथून गेली. ही शेअर्ड जागा आहे. त्यांनी चार टेबलं घेतली होती."

"भाड्याने?"

"हो सर. अकरा महिन्यांच्या करारावर."

"म्हणजे मी ज्यांचा भाडेकरू, ते तुमचे भाडेकरू."

"आम्ही पण बिल्डिंगचे भाडेकरूच आहोत सर," शेफाली म्हणाली. "पाणी घेता?"

त्यांनी पाणी घेतलं. एका प्रतीवर 'मिळाले' म्हणून तिची सही घेतली. हातात काहीतरी घेऊन परतणं गरजेचं होतं. बसमध्ये एका माणसाने उठून जागा दिली, तेव्हा त्यांना कळलं की चिकटपट्टी अजून छातीवर आहे. तिच्यावर लिहिलेलं होतं, 'अभ्यागत. सोबत कुणीतरी असणे आवश्यक'.

घरी पोचेपर्यंत त्यांचं ठरलं होतं. आता भाडेकरू नाही. मालक.

मालक व्हायला किती लागतं ते मिसबाने सांगितलं. आधी नाव विकत घ्यायचं, ज्या नावाने जगात कुणीही वही उघडू शकेल.

"या नावाचा आधीचा मालक कोण?" दिगंबररावांनी विचारलं. "तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढायला लागेल."

"काका, आपल्याकडे लोकांना इंटरनेट मिळूनच जेमतेम तीस वर्षं झाली."

"मग तेवढ्या वर्षांचा काढ."

नाव मिळालं, पण दर वर्षी नूतनीकरण. म्हणजे हाही भाडेपट्टाच. मग सर्व्हर, म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर वही राहणार तो. तोही दुसऱ्याचा, कुठेतरी परदेशात, महिन्याच्या बोलीवर.

"नाव भाड्याचं, जागा भाड्याची. मग यात माझं काय आहे?"

"जबाबदारी काका," मिसबा म्हणाली.

दिगंबररावांनी सर्व्हर घरीच ठेवायचं ठरवलं. मिसबाने तीन वेळा सांगितलं की असं कुणी करत नाही. त्यांनी विचारलं, कायद्याने मनाई आहे का? नव्हती. मकबूलभाईंनी दोन मेलेल्या कॉम्प्युटरांतून एक जिवंत केला आणि स्वतः रिक्षातून घेऊन आले. स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारच्या ओट्यावर, वहीच्या खिळ्याखाली तो बसवला. मालकाच्या जागी दिगंबररावांनी स्वतःचं नाव घातलं, लेखिकेच्या जागी तिचं. कुणीही गप्प का आहात म्हणून विचारलं नाही. पहिल्या दिवशी ओटा पुसून त्यांनी यंत्रावर एक फूल ठेवलं, ते पंख्याने आत ओढलं आणि मकबूलभाईंना पुन्हा यावं लागलं.

"रायरीकरसाहेब, फूल शेजारी ठेवा," मकबूलभाई म्हणाले. या वेळी त्यांनी चहा घेतला.

मालकीचं सुख आठ दिवस टिकलं. मग तक्रारी सुरू झाल्या. वही सकाळी साडेदहाच्या सुमारास नाहीशी व्हायची आणि पंधरा मिनिटांनी परत यायची. मिसबाने दोन दिवस शोध घेतला. नेटवर्क तपासलं, केबल बदलली. शेवटी दिगंबरराव साडेदहाला ओट्याशेजारी स्टूल टाकून बसले. स्वयंपाकाच्या मथुराबाई आल्या, त्यांनी शांतपणे कॉम्प्युटरची पिन काढली आणि मिक्सरची घातली.

"मथुराबाई, ही काढायची नाही."

"मग चटणी पाट्यावर वाटू? पाटा काढून द्या माळ्यावरनं."

दुसरा प्लग काढून घ्यायचा तर इलेक्ट्रिशियन बोलवायला हवा होता. वहीत अकरा इलेक्ट्रिशियन होते आणि अकराही जणांसमोर 'नाही' होतं. तेव्हा चटणी चालू राहिली. वाचकांनीही ते मान्य केलं. कुणाला वही उघडली नाही तर दुसरा लिहायचा, 'थांबा, काकांकडे चटणी चाललीय.' गुरुवारी देखभालीसाठी वीज जायची, म्हणून दिगंबररावांनी बुधवारी पहिल्याच पानावर सूचना टाकली: 'गुरुवारी वही बंद राहील. नळ, गिझर इत्यादी बिघडवण्यास इतर वार निवडावेत.' एकानेही हरकत घेतली नाही.

खाली अभिप्रायांची जागा होती, तिथे परकी भाषांतली पत्रं येऊ लागली. मिसबा म्हणाली ती सगळी बोगस आहेत. पण आलेल्या पत्राला उत्तर न देणं दिगंबररावांना जमेना. त्यांनी प्रत्येकाला लिहिलं, 'आपले पत्र मिळाले. विषय समजला नाही. सविस्तर कळवावे.' त्यांनी कळवलं. रोज चारशे पत्रं.

तरीही एकशे चाळीसची नोंद उभी होती. जाहिरातीशिवाय, अखंड.

आमोदने सर्वसाधारण सभा बोलावली. रविवारी सकाळी, पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. गच्च्यांच्या कामाचा विषय पाचवा होता, पण तो मागे ठेवून आमोदने 'ऐनवेळचे विषय' आधी घेतले. सोसायटीच्या आवारातून बदनामी होते, एका सभासदाच्या घरात यंत्र अहोरात्र चालतं, वायरिंगला धोका आहे. दिगंबरराव उभे राहिले. "यंत्र अहोरात्र चालत नाही. साडेदहाला बंद असतं आणि गुरुवारी पूर्ण बंद असतं. बदनामीचं म्हणाल तर छत अजून चार जागी गळतंय. सभा संपल्यावर सर्वांनी बघायला यावं. पान काढणार नाही."

टाळ्या झाल्या नाहीत, पण सुनीतीताईंनी पर्स बंद करण्याचा जो आवाज केला तो अनुकूल होता.

"बरोबर आहे," आमोद म्हणाले. ते फार शांत होते, आणि हे लक्षण चांगलं नव्हतं. "काका म्हणतात वही जशीच्या तशी आहे. एकही पान काढलेलं नाही. काकांनी प्रत्येक नोंदीला नंबरही दिलाय, फार व्यवस्थित. मी सगळी वाचली. एकशे अकरा आहे. एकशे तेरा आहे. एकशे बारा कुठंय काका?"

सगळ्या खुर्च्या दिगंबररावांकडे वळल्या.

नंबर त्यांनीच दिले होते. गाळायचंच होतं तर पुढचे नंबर मागे ओढता आले असते, पण पान गाळून क्रमांक बदलणं म्हणजे सरळ बनावट दस्त. ते त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी एकशे बारा मोकळा ठेवला आणि कुणी मोजणार नाही असं धरलं. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांना सांगितलं होतं की एक पान कमी असेल तर सगळा दस्त संशयास्पद.

"आहे," ते म्हणाले. "वहीत आहे."

"मग तुम्हाला नको ते तुम्ही गाळलंत. आम्हालाही नको ते गाळा. नाहीतर दोन्ही टाका." आमोद सभेकडे वळले. "उद्या संध्याकाळी पाचपर्यंत. मान्य?"

हात वर झाले. सुनीतीताईंचाही झाला. "नियम म्हणजे नियम, दिगंबरराव," त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी वही खिळ्यावरून काढली. एकशे बारा क्रमांकाची दोन पानं तिन्ही उघड्या बाजूंनी स्टेपल केलेली होती. हे काम त्यांनी एकशे अकरा टंकून झाली त्याच दिवशी केलं होतं. डावं पान वाचलं, आणि उजवं न बघता वही मिटून पिना मारल्या. पुरुषाने स्वतःबद्दल एवढं वाचलं तरी पुष्कळ, असं तेव्हा वाटलं होतं.

त्यांनी पिना एकेक करून काढल्या. चौदा निघाल्या. मथुराबाई भाजी चिरता चिरता बघत होत्या. मग त्यांनी टंकायला सुरुवात केली.

'नाव: दिगंबर. काम: न्हाणीघरातला नळ, वॉशर बदलणे. पहिला रविवार पान्हा शोधण्यात गेला. दुसऱ्या रविवारी वॉशर आणला, तो मापाचा निघाला नाही, दुकानदाराशी भांडण. तिसऱ्या रविवारी नळ उघडला. मेन व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला. पाणी छताला लागले. स्वतः पाटावर उभे राहून मला विचारत होते, मेन व्हॉल्व्ह कुठे असतो? या घरात राहायला येऊन अठरा वर्षे झाली. दुरुस्तीपूर्वी नळ थेंब थेंब गळत होता. आता धार आहे. काम: वाईट.'

प्रत्येक शब्द त्यांनी जसाच्या तसा टंकला. 'वाईट' टंकून झाल्यावर चष्मा पुसला आणि उजवं पान उघडलं. ते आजवर वाचलंच नव्हतं.

'वागणूक: नळावर चिडतात, दुकानदारावर चिडतात. माझ्यावर चिडले नाहीत, मी हसत असूनही. चहा: तीन वेळा केला, तिन्ही वेळा ओल्या हाताने घेतला आणि चांगला झालाय म्हणाले. पुन्हा बोलवावे का: हो.'

दिगंबररावांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग कारकुनी सवयीने वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. जिथे जिथे काम वाईट होतं तिथे तिथे 'नाही' होतं. 'कधीही नाही', 'मुळीच नाही', 'रस्त्यात भेटले तरी नाही' असंही होतं. काम वाईट आणि पुढे 'हो', अशी नोंद अख्ख्या वहीत एकच होती.

"मिक्सर लावू का?" मथुराबाईंनी विचारलं.

"दोन मिनिटं थांबा," ते म्हणाले आणि एकशे बारा प्रसिद्ध केली. मग आमोदला निरोप पाठवला: 'क्र. ११२ टाकली. क्र. १४० राहील. गच्चीच्या कामाचा विषय पुढच्या सभेत घ्यावा, मी दोन्ही पानं मोठ्याने वाचणार आहे.' मथुराबाईंनी पिन काढली, चटणी झाली, पिन परत लागली.

संध्याकाळी बेल वाजली. दारात सुनीतीताई.

"तो निर्जल आता सभेच्या मतदानात पास होत नाही," त्या म्हणाल्या. "मी तिन्ही इमारतींत सांगितलंय. पण मी त्यासाठी नाही आले. आमच्याकडे नळ गळतोय. थेंब थेंब."

"प्लंबरचं पान देतो. दोनशे सहा चांगला आहे."

"तो गावाला गेलाय. हेमाने जिच्यापुढे हो लिहिलंय अशी नळाची नोंद आता एकच उरलीय."

दिगंबररावांनी मान खाली घातली. "सुनीतीताई, काम कसं आहे तेही लिहिलंय तिथे. आणि मला वेळ लागतो."

"तीन रविवार. वाचलंय मी." त्या जिन्याकडे वळल्या. "आजचा पहिला धरा. आणि मेन व्हॉल्व्ह बाल्कनीत आहे, आधीच सांगून ठेवते."

दिगंबरराव पान्हा शोधायला आत गेले.